माध्यम अभ्यासाच्या पदवीसाठी पर्सनल स्टेटमेंट : तीन प्रश्नांची उत्तरे कशी लिहावीत?

कोरे_पान यांचा प्रश्न

नमस्कार. मी बारावीत शिकत असून ब्रिटनमधील विद्यापीठांत माध्यम अभ्यासाच्या पदवीसाठी युकासमार्फत (पदवी प्रवेशांचे अर्ज एकत्र स्वीकारणारी तिथली संस्था) अर्ज करण्याच्या तयारीत आहे. अर्जाचा बाकीचा भाग भरून झाला आहे; पर्सनल स्टेटमेंटपाशी, म्हणजे विषयाची आवड आणि तयारी स्वतःच्या शब्दांत सांगणाऱ्या मजकुरापाशी, मात्र गाडी अडली आहे. २०२६ च्या प्रवेशांपासून सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे एकूण ४००० अक्षरांत द्यावी लागतात, एवढे मला ठाऊक आहे. हा विषय का शिकायचा आहे, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर आणखी काय केले व त्याचा उपयोग काय, असे ते प्रश्न आहेत.

माझ्या अडचणी अशा आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहायला बसले की "आजच्या जगात माध्यमांचे सामर्थ्य अफाट आहे" यासारखी वाक्ये सुचतात आणि ती कोणाच्याही अर्जात शोभतील अशी असतात. दुसऱ्या प्रश्नाबाबत सांगायचे तर आमच्याकडे माध्यम अभ्यास हा विषयच नाही. इतिहास, इंग्रजी आणि संख्याशास्त्र हे माझे मुख्य विषय आहेत. तिसऱ्या प्रश्नासाठी मजकूर भरपूर आहे, कारण शाळेच्या वार्षिकांकाचे संपादन, मैत्रिणीबरोबर केलेला पॉडकास्ट आणि आमच्या भागातील सार्वजनिक ग्रंथालयाची वेळ कमी झाल्यावर त्यावर केलेला छोटा माहितीपट अशा तीन गोष्टी माझ्याकडे आहेत. एका सल्लागारांनी मात्र वक्तृत्वाची बक्षिसे आणि खेळातील प्रमाणपत्रेही घालायला सांगितले आहे.

शिवाय मी निवडलेले काही अभ्यासक्रम सैद्धांतिक आहेत, तर काहींत चित्रीकरण आणि संकलनावर भर आहे. स्टेटमेंट मात्र सर्वांना एकच जाणार. दोहोंना पटेल असे कसे लिहावे? मी वृत्तपत्रे प्रामुख्याने मराठीत वाचते. त्याचा उल्लेख केल्यास तिकडच्या वाचकाला त्यातून काही बोध होईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शब्दवेध यांचे उत्तर

मी काही वर्षे ब्रिटनमध्ये माध्यम अभ्यास शिकवत होतो आणि त्या काळात प्रवेश अर्जांचे वाचनही माझ्याकडे असे. त्या अनुभवावरून लिहितो.

तुम्हाला पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुचत नाही, याचे कारण तुम्ही "माध्यमे" या एवढ्या मोठ्या विषयावर बोलू पाहता आहात, हे आहे. माध्यमांचे सामर्थ्य वाचणाऱ्या प्राध्यापकाला ठाऊक असते. त्यावरच तर त्याचे आयुष्य चाललेले असते. त्याला हे पाहायचे असते की या मुलीने माध्यमातील एखादी लहानशी गोष्ट कधी थांबून, नीट निरखून पाहिली आहे का, आणि पाहिल्यावर तिला कोणता प्रश्न पडला. बहुतेक अर्जांत आवडीची ग्वाही भरपूर असते आणि निरीक्षण जवळजवळ नसते. ज्या अर्जात एक तरी खरे निरीक्षण असे, तो आम्ही बाजूला काढून पुन्हा वाचत असू.

तुमच्याच प्रश्नात असे एक उदाहरण आहे आणि तुम्ही ते तिसऱ्या उत्तरासाठी राखून ठेवले आहे. ग्रंथालयाची वेळ कमी झाली, म्हणजे त्याची बातमीही कुठेतरी आली असणार. ती बातमी दोन-तीन वृत्तपत्रांतून शोधून काढा, समोर मांडा आणि प्रत्येक बातमीत कोणाकोणाचे म्हणणे उद्धृत केले आहे त्याची यादी करा. कदाचित असे दिसेल की एका बातमीत पहिले तीन परिच्छेद अधिकाऱ्यांच्या खुलाशाचे आहेत, आणि वाचकांचे म्हणणे शेवटी एका वाक्यात "नाराजी व्यक्त झाली" अशा शब्दांत आटोपले आहे. दुसऱ्या बातमीत कदाचित तिथे अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थ्यापासून सुरुवात असेल. पहिल्या बातमीत तो प्रश्न खर्चाचा ठरतो, दुसऱ्या बातमीत अभ्यासाच्या जागेचा. घटना तीच, पण प्रश्न कशाविषयीचा आहे हे ठरवण्याचा मान कोणाला मिळाला, यावर वाचकाच्या मनातली चौकट ठरते. ब्रिटनमधील माध्यम अभ्यासक स्टुअर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये नेमका हा मुद्दा मांडला होता : अधिकारपदावरील व्यक्तींचे म्हणणे बातमीत आधी येते, आणि त्यामुळे नंतर बोलणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी आखलेल्या चौकटीतच बोलावे लागते. तुम्ही हॉल वाचले नसतील तरी बिघडत नाही. यादी करून त्या प्रश्नापर्यंत स्वतः पोचणे हीच या विषयाची खरी सुरुवात आहे, आणि "हे मला पद्धतशीरपणे शिकायचे आहे" हे वाक्य त्यानंतर आले तर ते पोकळ वाटत नाही.

सिद्धांतांची नावे घालण्याबद्दल माझा सल्ला जपून वागण्याचा आहे. संकेतन आणि विसंकेतनाची (निर्माते संदेशात अर्थ कसा भरतात आणि प्रेक्षक तो कसा उलगडतात याची) हॉल यांची १९७३ मधील मांडणी, किंवा मॅककोम्ब्स आणि शॉ या अमेरिकी संशोधकांचा १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला विषयपत्रिका-निश्चितीचा (कोणते मुद्दे महत्त्वाचे मानायचे हे माध्यमे ठरवतात का, याचा) अभ्यास, यांचे उल्लेख अर्जांत अगणित वेळा येतात, आणि बहुतेकदा तो उल्लेख काढून टाकला तरी परिच्छेदाला काही फरक पडत नाही. नाव घ्यायचे असेल तर त्या विचारामुळे तुम्हाला आधी न दिसलेले काय दिसले ते लगेच पुढच्या वाक्यात सांगावे. १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी चॅपेल हिल येथील मतदारांना कोणते मुद्दे महत्त्वाचे वाटतात आणि बातम्यांत कोणते मुद्दे ठळकपणे येतात यांची तुलना मॅककोम्ब्स आणि शॉ यांच्या अभ्यासात केली होती. तुम्ही संख्याशास्त्र शिकता, म्हणून तुम्हाला सहज पडेल असा प्रश्न सुचवतो : दोन याद्या जुळल्या, तर कोणी कोणावर परिणाम केला हे कसे ठरवायचे? वृत्तपत्रांनी मतदारांवर, की मतदारांच्या चिंतांनी वृत्तपत्रांवर? हा प्रश्न त्या क्षेत्रातील संशोधकांनाही पडलेला आहे. अर्जात तो तुमच्या शब्दांत आला, तर सिद्धांत समजल्याचे वेगळे प्रमाण द्यावे लागणार नाही.

यातच तुमच्या दुसऱ्या उत्तराचीही वाट आहे. माध्यम अभ्यास हा शालेय विषय नसणे ही उणीव मानू नका. बहुतांश अभ्यासक्रमांना त्याची अट नसते. इतिहासात तुम्ही एखादे साधन कोणी, कधी, कोणासाठी लिहिले हे विचारायला शिकलात, आणि बातमी वाचतानाही तेच विचारायचे असते. संख्याशास्त्राचे उदाहरण तर फार चांगले ठरेल. वृत्तपत्रातील एखादा स्तंभालेख घ्या, ज्याचा उभा अक्ष शून्यापासून सुरू न होता मध्येच सुरू होतो आणि त्यामुळे ५२ व ५४ यांतील फरक दुप्पट-तिप्पट भासतो. तो आलेख खोटा नसतो. त्यातला प्रत्येक आकडा बरोबर असतो, तरीही पाहणाऱ्याचा समज चुकीचा होतो. एवढे दोन-तीन वाक्यांत सांगितले, की "संख्याशास्त्रामुळे माझी विश्लेषणक्षमता वाढली" या वाक्याची गरज उरत नाही. इंग्रजीविषयी फार लिहू नये. तुमचे लेखन वाचणाऱ्यासमोर असतेच.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. काही विद्यार्थी या विषयाची बाजू मांडण्यात शे-दोनशे अक्षरे खर्च करतात, कारण माध्यम अभ्यासाला हलका विषय म्हणणारे लोक त्यांना घरीदारी भेटलेले असतात. लंडनच्या तेव्हाच्या पॉलिटेक्निक ऑफ सेंट्रल लंडनमध्ये, म्हणजे आजच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठात, या विषयाची पदवी १९७५ मध्येच सुरू झाली. वाचणाऱ्यांना विषयाच्या योग्यतेबद्दल शंका नाही. तेव्हा ती अक्षरे स्वतःसाठी वापरावीत.

संकलक यांचे उत्तर

मी सध्या तिकडेच माध्यम निर्मितीच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहे. शब्दवेध सरांनी पहिल्या दोन उत्तरांबद्दल लिहिलेच आहे, म्हणून मी तिसऱ्याबद्दल आणि दोन प्रकारच्या अभ्यासक्रमांच्या अडचणीबद्दल लिहितो.

तिसऱ्या प्रश्नाचा उत्तरार्ध नीट वाचा. काय केले एवढेच तिथे विचारलेले नाही, ते उपयोगाचे का हेही विचारलेले आहे, आणि बहुतेक जण तो अर्धा भाग सोडून देतात. वार्षिकांक, पॉडकास्ट, माहितीपट, वक्तृत्व, खेळ अशी यादी दिली तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य येईल आणि त्यातून कळणार काहीच नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की माहितीपटाला निम्म्याहून अधिक जागा द्यावी, पॉडकास्ट किंवा वार्षिकांक यांपैकी एकाला दोन-तीन वाक्ये द्यावीत आणि खेळाची प्रमाणपत्रे गाळावीत. सल्लागारांचा हेतू चांगला असेल. पण माध्यमाच्या अर्जात धावण्याच्या शर्यतीतून शिकलेली जिद्द वाचणाऱ्याच्या काही कामाची नसते.

माहितीपटाबद्दल लिहिताना "मी दिग्दर्शन, चित्रीकरण आणि संकलन केले" एवढ्यावर थांबू नका. निर्मितीच्या अभ्यासक्रमात पहिल्या सत्रापासून आम्हाला एकच सवय लावली जाते : प्रत्येक निर्णयाचे कारण लिहून ठेवणे. कॅमेरा कुठे ठेवला, का ठेवला. हा प्रश्न मुलाखतीतून का काढला. पार्श्वसंगीत घातले की नाही आणि का. बऱ्याच ठिकाणी चित्रफितीइतकेच गुण त्याबरोबर लिहिलेल्या चिंतनात्मक टिपणालाही असतात. म्हणून माहितीपटातला असा एक निर्णय निवडा, जो घेताना तुम्ही खरोखर घोटाळला होतात, आणि तो उलगडून सांगा. मुलाखत देणारी व्यक्ती उत्तर देण्यापूर्वी चार-पाच सेकंद गप्प राहते, अशी वेळ प्रत्येक मुलाखतीत येते. ती शांतता ठेवली तर ती व्यक्ती हळवी किंवा गोंधळलेली वाटते, कापली तर ठाम वाटते. शब्द दोन्ही वेळा तेच असतात. असा एखादा प्रसंग तुमच्या माहितीपटात असेल, तर सबंध तिसरे उत्तर त्याच्याभोवती उभे राहू शकते.

यातच तुमच्या चौथ्या अडचणीचे उत्तर आहे, असे मला वाटते. सैद्धांतिक अभ्यासक्रमाला तुम्ही विचार करता हे दिसायला हवे आणि निर्मितीच्या अभ्यासक्रमाला तुम्ही हाताने काम करता हे दिसायला हवे. संकलनातील निर्णयामुळे अर्थ कसा बदलला हे ज्या परिच्छेदात येते, त्यात दोन्ही एकदम दिसते. अर्धा मजकूर यांच्यासाठी आणि अर्धा त्यांच्यासाठी अशी वाटणी केली, तर प्रत्येकाला अर्धे स्टेटमेंट परके वाटते. मात्र तुमच्या निवडीत निव्वळ पत्रकारितेची पदवी असेल तर वेगळा विचार करावा लागेल. ब्रिटनमध्ये पत्रकार प्रशिक्षणाच्या एनसीटीजे या संस्थेची मान्यता असलेले अभ्यासक्रम वार्तांकनाच्या कौशल्यांवर चालतात. त्यांत माध्यम कायदा असतो, अनेकदा लघुलेखनही असते. तिथे तुम्ही लोकांकडे जाऊन माहिती मिळवली आणि ती पडताळून पाहिली, हे दिसणे आवश्यक आहे.

आणखी एक सूचना. स्टेटमेंट हा साधा मजकूर असतो. त्यात ठळक किंवा तिरपी अक्षरे टिकत नाहीत आणि चित्रफीत जोडता येत नाही. ज्या अभ्यासक्रमाला पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाचे नमुने, हवा असतो, तो त्याची मागणी स्वतंत्रपणे करतो. तेव्हा प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पानावरची अट आत्ताच वाचून ठेवा. माहितीपट पाहता येणार नाही असे गृहीत धरूनच त्याचे वर्णन करावे.

तळटीप यांचे उत्तर

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि परदेशी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिफारसपत्रेही देते. वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. त्यांत नियमांची बाजू तेवढी जोडते, आणि एका मुद्द्यावर थोडा मतभेदही नोंदवते.

आधी नियम. ४००० अक्षरांत मोकळ्या जागाही मोजल्या जातात, म्हणजे इंग्रजीत साधारण ६०० ते ६५० शब्द होतात. प्रत्येक उत्तराला किमान ३५० अक्षरे लागतात. तीन उत्तरांची ही किमान गरज १०५० अक्षरांची झाली. उरलेली २९५० कुठे खर्च करायची याचे स्वातंत्र्य तुम्हाला आहे. तिन्ही उत्तरे सारख्या लांबीची करण्याचे काहीही बंधन नाही, आणि मुलांना हे सांगूनही पटत नाही. तुमच्या बाबतीत दुसरे उत्तर आटोपशीर आणि पहिले व तिसरे भरघोस, अशी विभागणी मला योग्य वाटते. एखादी गोष्ट कोणत्या उत्तरात घालावी याबद्दल फार चिंता करू नये, कारण वाचणारे तिन्ही उत्तरे एकत्रच वाचतात. तीच गोष्ट दोनदा मात्र येता कामा नये. गुण आणि इंग्रजीच्या परीक्षेचे निकाल अर्जात दुसरीकडे भरलेले असतात, ते इथे पुन्हा लिहिणे म्हणजे जागा वाया घालवणे. विद्यापीठांची नावेही घालू नका. पाचही ठिकाणी तोच मजकूर जातो आणि एकाचे कौतुक केले की इतर चौघांना आपण दुय्यम निवड आहोत असे वाटते.

इथे एक गफलत वारंवार होते, तीही सांगते. आपल्याकडे अनेक सल्लागार पदव्युत्तर अर्जांसाठीच्या एसओपीचा (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे उद्दिष्टपत्राचा) साचा पदवीच्या अर्जालाही लावतात. एसओपी त्या-त्या विद्यापीठासाठी वेगळे लिहिता येते, आणि त्यात पुढील कारकिर्दीचा आराखडा, ते विद्यापीठच का निवडले, हे सगळे अपेक्षित असते. युकासच्या स्टेटमेंटमध्ये विषय आणि तुमची त्यासाठीची तयारी यांनाच महत्त्व असते. कारकिर्दीबद्दल एखादे वाक्य पुरते.

दुसरी बाब गंभीर आहे. तुमचे पूर्ण स्टेटमेंट इथे किंवा कोणत्याही खुल्या जागी टाकू नका. युकास प्रत्येक स्टेटमेंट आधी आलेल्या मजकुरांशी ताडून पाहते आणि लक्षणीय साम्य आढळल्यास विद्यापीठांना तसे कळवते. कोणी तुमची वाक्ये उचलून आधी अर्ज केला, तर संशय तुमच्यावरही येऊ शकतो. २००७ मध्ये अशा पडताळणीची बरीच चर्चा झाली होती, कारण तब्बल २३४ अर्जदारांनी लहानपणी रसायनांचा प्रयोग करताना पायजम्याला भोक पडल्याची एकच आठवण आपापल्या नावाने लिहिली होती. नमुना म्हणून महाजालावर असलेले एखादे स्टेटमेंट वाचून त्याचा साचा घेतला की हे असे होते. चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून मजकूर लिहून घेऊन तो स्वतःचा म्हणून देणे हीदेखील फसवणूक मानली जाते, आणि मजकूर आपलाच असल्याची ग्वाही अर्ज पाठवताना द्यावी लागते. "लहानपणापासून मला" या अर्थाची सुरुवात तर युकासनेच सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वाक्यांत गणली आहे.

आता मतभेद. शब्दवेध सरांनी सिद्धांतांबाबत जपून राहायला सांगितले, ते त्यांच्या जागी बरोबर आहे. परंतु ज्यांच्या शाळेत हा विषय नाही, त्यांनी विषयाची एकही संकल्पना न हाताळता अर्ज केला तर "या विद्यार्थ्याला हा अभ्यासक्रम नेमका काय आहे ते ठाऊक आहे का" अशी शंका राहते. पाठ्यक्रमाबाहेर काही वाचले आणि त्यातील एका विचाराशी झटापट केली, हे एकदा तरी दिसावे, असे मला वाटते. त्या विचाराशी सहमत असण्याची गरज नाही. तो कुठे अपुरा वाटला हे लिहिले तर उत्तमच.

मराठी वृत्तपत्रांचा उल्लेख जरूर करावा. तिथल्या वाचकाला ती वृत्तपत्रे ठाऊक नसतील, म्हणून अर्ध्या वाक्यात ओळख द्यावी लागेल, एवढेच. दोन भाषांतील बातम्या शेजारी ठेवून वाचणे ही तुमच्याकडे सहज असलेली आणि फार थोड्या अर्जदारांकडे असणारी सोय आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे "दर्पण" १८३२ मध्ये निघाले तेव्हा ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून छापले जाई. म्हणजे एकाच पानावर दोन वाचकवर्गांशी बोलण्याची परंपरा आपल्या पत्रकारितेच्या जन्मापासून आहे. हा इतिहास स्टेटमेंटमध्ये कोंबू नका. पण आपल्या वाचनाची लाज वाटत असेल तर ती सोडण्यासाठी तो उपयोगी पडावा.

कोरे_पान यांची पुरवणी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने आणि सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. तळटीप मॅडमची सूचना लक्षात घेऊन मूळ इंग्रजी मजकूर इथे देत नाही. तिसऱ्या उत्तरातील परिच्छेदाचा आशय मराठीत मांडते. त्यावर कठोर अभिप्राय हवा आहे.

"ग्रंथालयाची वेळ कमी झाली तेव्हा मी त्यावर माहितीपट करण्याचे ठरवले. ग्रंथपालांची मुलाखत हा त्याचा गाभा होता. नव्या वेळापत्रकाविषयी विचारल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की संध्याकाळचे वाचक आता येत नाहीत. संकलन करताना मी या प्रसंगाच्या दोन आवृत्त्या केल्या. एकीत ती शांतता तशीच ठेवली आणि दुसरीत त्या जागी रिकाम्या खुर्च्यांचे दृश्य घातले. पहिली आवृत्ती पाहणाऱ्यांना ग्रंथपाल दुःखी वाटले. दुसरी पाहणाऱ्यांना ते प्रशासनावर टीका करत आहेत असे वाटले. यातून मला माध्यमांची ताकद आणि जबाबदारी समजली. माहितीपटाचे सर्वांनी कौतुक केले आणि माझी संघभावना, वेळेचे नियोजन व संवादकौशल्य विकसित झाले."

सरांनी सुचवल्याप्रमाणे बातम्याही शोधल्या. एका बातमीत ग्रंथपाल किंवा वाचक यांपैकी कोणाचेच म्हणणे नाही, हे पाहून मला खरोखर आश्चर्य वाटले. हे निरीक्षण पहिल्या उत्तरात घेऊ की याच परिच्छेदाला जोडू?

शब्दवेध यांचे उत्तर

परिच्छेदाचा पहिला दोन-तृतीयांश भाग फार चांगला आहे. "दुसरी पाहणाऱ्यांना ते प्रशासनावर टीका करत आहेत असे वाटले" या वाक्यापर्यंत मी वाचत गेलो ते पुढे काय होते हे कळावे म्हणून. त्यानंतरची दोन वाक्ये काढून टाकावीत, असे मी आग्रहाने सांगेन. "ताकद आणि जबाबदारी" हा निष्कर्ष तुमच्या निरीक्षणापेक्षा फारच ढोबळ आहे, आणि संघभावना, वेळेचे नियोजन वगैरे शब्द तर कोणत्याही विषयाच्या कोणत्याही अर्जात सापडतील.

त्यांच्या जागी पुढचा प्रश्न यायला हवा. रिकाम्या खुर्च्यांचे दृश्य तुम्ही मुलाखतीच्याच वेळी घेतले होते, की वेगळ्या दिवशी? ग्रंथालय नेहमी उघडे असण्याच्या वेळी त्या रिकाम्या होत्या, की सकाळी लवकर, कोणी येण्याआधी? उत्तर काहीही असो, पाहणाऱ्याला ते दृश्य "आता" आणि "यामुळे" असेच वाटणार. शेवटी तुम्ही कोणती आवृत्ती ठेवली आणि का, हेही परिच्छेदात कुठेच नाही. मला सर्वाधिक उत्सुकता त्याचीच आहे आणि वाचणाऱ्या प्राध्यापकालाही असेल. ग्रंथपालांना दोन्ही आवृत्त्या दाखवल्या होत्या का? दाखवल्या असतील तर त्यांना काय वाटले ते एका वाक्यात लिहा. दाखवल्या नसतील तर, ज्याची मुलाखत घेतली त्याचा संकलनावर किती अधिकार असावा, हा प्रश्न खुला ठेवून परिच्छेद संपवा. माहितीपटांच्या नीतिशास्त्रात त्यावर पुष्कळ विचार झालेला आहे आणि पदवीच्या वर्गात त्याची चर्चा होतेच.

बातमीचे निरीक्षण पहिल्या उत्तरात घ्या. तिथे तुम्ही वाचक आहात, कोणाचा आवाज गाळला गेला हे शोधता आहात. तिसऱ्या उत्तरात तुम्ही स्वतः संकलनाच्या खुर्चीवर आहात आणि दुसऱ्याच्या आवाजाचे काय करायचे हे तुम्हाला ठरवायचे आहे. विषय ग्रंथालयाचाच राहिल्यामुळे दोन्ही उत्तरे एकमेकांना धरून राहतील आणि परिचय पुन्हा देण्याची अक्षरेही वाचतील. पण पहिल्या उत्तरात ग्रंथालयाची पार्श्वभूमी एका वाक्याहून जास्त नको.

तळटीप मॅडमचा आक्षेप मला मान्य आहे. एक संकल्पना असावी. तुमच्या बाबतीत ती शोधायला लांब जावे लागणार नाही, कारण एकच दृश्य वेगवेगळ्या प्रेक्षकांनी वेगवेगळे का वाचले, हाच हॉल यांच्या १९७३ च्या मांडणीचा विषय आहे. मात्र तुमच्या प्रयोगात एक फरक आहे, तो जरूर नोंदवा. हॉल यांच्या मांडणीत संदेश एकच असतो आणि प्रेक्षक तो आपापल्या परीने स्वीकारतात, नाकारतात किंवा काही अंशी मान्य करतात. तुम्ही तर संदेशच दोन प्रकारे घडवला होता. त्यामुळे आवृत्तीतील फरकामुळे अर्थ बदलला की पाहणारे लोकच वेगळे होते म्हणून, हे तुम्हाला ठामपणे सांगता येणार नाही. संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीने ही मर्यादा स्वतःहून लिहिली, तर दुसऱ्या उत्तरातील तिच्या म्हणण्याला आपोआप पुरावा मिळतो.

संकलक यांची भर

सरांच्या मुद्द्याला धरून एवढेच सुचवतो की "एकीत" आणि "दुसरीत" काय केले ते सांगताना तांत्रिक शब्दही एक-दोन येऊ द्यावेत. शांततेवर दुसरे दृश्य घालण्याला आम्ही कटअवे म्हणतो. तो शब्द सहजपणे आला तर निर्मितीच्या अभ्यासक्रमाचा वाचक ओळखतो की तुम्ही प्रत्यक्ष संकलनाच्या टाइमलाइनवर काम केलेले आहे. कॅमेऱ्याचे मॉडेल आणि सॉफ्टवेअरचे नाव मात्र लिहू नये, त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. पॉडकास्टचा उल्लेख ठेवणार असाल तर तोही ध्वनीच्या अंगाने करा. चित्र नसताना श्रोत्याला जागा कशी दाखवली, यावर दोन वाक्ये पुरेत.

तळटीप यांची भर

शेवटच्या टप्प्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहून मग अर्जात चिकटवावा आणि तिथे दिसणारी अक्षरसंख्या ग्राह्य धरावी, कारण दोन्हीकडची मोजणी नेहमी जुळतेच असे नाही. एकदा अर्ज पाठवला की स्टेटमेंटमध्ये बदल करता येत नाही, म्हणून जानेवारीच्या मध्यावर असलेल्या मुदतीची वाट पाहत न बसता आधीच पूर्ण करून आठवडाभर बाजूला ठेवावे आणि पुन्हा मोठ्याने वाचावे.

दुसरे असे, की तुमचे शिफारसपत्र लिहिणाऱ्या शिक्षकांना हा मजकूर पाठवण्यापूर्वी दाखवा. तुम्ही संख्याशास्त्राच्या वर्गातील आलेखाबद्दल लिहिणार असाल आणि त्यांनाही वर्गातील तुमच्या अशाच एखाद्या शंकेविषयी लिहिता आले, तर दोन्ही कागद एकाच विद्यार्थिनीबद्दल बोलतात. शिक्षकांना हे आपणहून सुचेल असे धरून चालू नका. त्यांच्यासमोर एकाच वेळी अनेक अर्ज असतात आणि कोणी आठवण करून दिली तर त्यांना बरेच वाटते.